संगणकाच्या खोलीची किल्ली

आमच्याकडे कोणतीही नवी वस्तू आली म्हणजे प्रथम तिची पूजा होते, मग तिचे प्रदर्शन होते, आणि शेवटी तिला कुलूप लागते. घरात पहिल्याने आलेल्या चिनी मातीच्या बशांपासून तो शाळेत आलेल्या संगणकांपर्यंत हा क्रम अव्याहत चालत आला आहे. बशा फुटतील म्हणून त्या पाहुण्यांसाठी राखून ठेवाव्या, हे एक वेळ समजण्यासारखे आहे. परंतु विद्येचे साधन मुलांच्या हाती दिल्यास बिघडेल, म्हणून ते मुलांपासूनच राखून ठेवावे, हा न्याय मोठा विलक्षण होय. ज्या खोलीच्या दारावर पाहुण्यांच्या हस्ते फीत कापली गेली, नारळ फुटला, आणि ज्या प्रसंगाचे छायाचित्र मुख्याध्यापकांच्या खोलीत आजही लटकत आहे, त्या खोलीत इयत्ता आठवीच्या मुलांनी वर्षातून किती वेळा पाऊल टाकले, हा प्रश्न विचारणे मात्र असभ्यपणाचे समजले जाते.

प्रस्तुत लेखात आम्हांस बोलावयाचे आहे ते यंत्रांविषयी नव्हे, तर त्या कुलपाची किल्ली ज्याच्या हाती दिली जाते त्या नव्या माणसाविषयी, म्हणजे शाळेतील तंत्रज्ञानाच्या शिक्षकाविषयी. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, आपण त्यास शिक्षक म्हणून नेमतो आणि भांडारपाल म्हणून राबवितो. आणि याचे मूळ पैशाच्या टंचाईत आहे असे जे सांगितले जाते ते अर्धसत्य आहे. खरे मूळ हाताने करावयाच्या कामाविषयी आपल्या सुशिक्षित वर्गाच्या मनात मुरलेल्या तुच्छतेत आहे. ही तुच्छता आम्हां प्राध्यापकांतही आहे, हे प्रारंभीच कबूल करून टाकणे बरे. म्हणजे हा लेख दुसऱ्यांच्या डोळ्यांतील कुसळ शोधण्यासाठी लिहिला आहे, असा आरोप आमच्यावर येणार नाही.

हा विषय आमच्या मनात घोळू लागण्यास एक निमित्त घडले. गेल्या दिवाळीच्या सुटीत आमचा एक जुना विद्यार्थी भेटीस आला. पदवीनंतर संगणकशास्त्राचा अभ्यास करून व बी. एड. होऊन तो दोन वर्षांपूर्वी तालुक्याच्या गावी एका माध्यमिक विद्यालयात तंत्रज्ञानाचा शिक्षक म्हणून लागला होता. नोकरी लागली तेव्हा पेढे घेऊन आलेला हा मुलगा यंदा एक कागदाची घडी घेऊन आला. "कसे काय चालले आहे?" असे आम्ही विचारताच तो म्हणाला, "सर, चालले आहे. पण मी शाळेत नक्की काय चालवितो आहे, तेच मला कळेनासे झाले आहे." मग त्याने जी हकीकत सांगितली ती येथे देतो. तीत असामान्य असे काही नाही, आणि म्हणूनच ती देण्याजोगी आहे.

पहिल्या दिवशी मुख्याध्यापकांनी त्याच्या हाती दोन वस्तू दिल्या: एक किल्ली आणि एक नोंदवही. किल्ली संगणकाच्या खोलीची. नोंदवही म्हणजे ज्यास शाळेत 'डेडस्टॉक रजिस्टर' म्हणतात ती. खोलीत वीस संगणक होते, त्यांपैकी अकरा चालू होते. वीज गेल्यास आधार देणाऱ्या बॅटऱ्या केव्हाच संपल्या होत्या. चालू संगणक अकरा, वर्गात मुले बासष्ट, आणि आठवड्याला तास एक! त्यातही तो तास दहावीच्या जादा वर्गांसाठी, संमेलनाच्या तालमीसाठी किंवा परीक्षेच्या बैठकीसाठी मागून घेतला जाई. उरलेल्या तासांत पाठ्यक्रम 'पूर्ण' करावयाचा म्हणजे काय करावयाचे, तर संगणकाचे भाग किती, स्मृतीचे प्रकार किती, अमक्याचा जनक कोण, हे फळ्यावर लिहावयाचे आणि मुलांनी ते वहीत उतरून घ्यावयाचे. भिंतीपलीकडे यंत्र आहे, आणि भिंतीअलीकडे मुले त्या यंत्राचे चित्र पेन्सिलीने काढून त्यास नावे देत आहेत! पोहण्याच्या तलावाला कुलूप लावून काठावर पोहण्याची व्याख्या पाठ करून घ्यावी, तसाच हा प्रकार झाला.

शिक्षकाचा स्वतःचा वेळ मग कोठे जाई? तो जाई 'ऑनलाइनच्या कामां'त. विद्यार्थ्यांची माहिती भरावयाची, शिष्यवृत्तीचे अर्ज भरावयाचे, आधार क्रमांक जुळवावयाचे, परीक्षेची आवेदनपत्रे पाठवावयाची, आणि संस्थेच्या पदाधिकाऱ्यांस एखादे पत्र टंकून हवे असेल तर तेही करून द्यावयाचे. शाळेत दुसऱ्या कोणास हे येत नाही असे नाही, परंतु "तुम्ही कॉम्प्युटरवाले ना?" या एका प्रश्नात सर्व युक्तिवाद संपत असे. इतिहासाच्या शिक्षकास कोणी दफ्तरखान्यातील जुने कागद लावावयास सांगत नाही, किंवा मराठीच्या शिक्षकाकडून शाळेचा पत्रव्यवहार वर्षभर लिहून घेत नाही. तंत्रज्ञानाचा शिक्षक मात्र आपल्या विषयाचा शिक्षक नसून आपल्या यंत्राचा नोकर आहे, असे सर्वांनीच गृहीत धरलेले असते.

दुसऱ्या वर्षी या मुलाने ठरविले की, वीज नसली तरी चालेल, यंत्र नसले तरी चालेल, पण शिकवावयाचे. न्यूझीलंडमधील टिम बेल आणि त्यांचे सहकारी यांनी गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात संगणकाशिवाय संगणकशास्त्र शिकविण्याचे काही खेळ रचले. ते त्याने वाचले होते. एके दिवशी वीज गेली असता त्याने मुलांस पटांगणात नेले आणि खडूने जमिनीवर रेघांचे व वर्तुळांचे एक जाळे काढले. सहा मुलांच्या हाती सहा आकडे दिले. प्रत्येकाने आपल्या रेघेवरून चालावे. वर्तुळात दोघे भेटले की आकडे ताडून पाहावे. लहान आकड्याने डावीकडे जावे, मोठ्याने उजवीकडे. जाळ्याच्या दुसऱ्या टोकाशी सहाही मुले लहानापासून मोठ्यापर्यंत क्रमाने उभी राहिली, तेव्हा एकच गलका झाला. एका मुलाने विचारले, "आकड्यांऐवजी नावे धरली तर?" नावे धरली, हजेरीपटासारखी ओळ लागली. दुसऱ्याने विचारले, "सर, दोन-दोन जोड्या एकदमच भेटतात, म्हणजे वेळ वाचतो ना?" ज्या प्रश्नावर मोठमोठ्या यंत्रांची रचना अवलंबून असते, तो प्रश्न सातवीतल्या मुलाच्या तोंडून आपण होऊन बाहेर पडला.

नंतर त्याने पुठ्ठ्याची पाच पाने केली व त्यांवर अनुक्रमे सोळा, आठ, चार, दोन आणि एक असे ठिपके काढले. पाच मुले ती धरून उभी राहिली. पान दाखवावे किंवा पाठमोरे करावे, एवढेच. सोळा, चार आणि एक दाखविले की एकवीस; सर्व दाखविली की एकतीस; सर्व झाकली की शून्य. 'होय' आणि 'नाही' या दोनच शब्दांत सगळे गणित कसे मावते हे मुलांस तासाभरात कळले. आणि ज्या द्विमान पद्धतीची व्याख्या मागील वर्षी त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहून घेतली होती, तीच ही, असे सांगितल्यावर त्यांस आश्चर्य वाटले.

येथवर सर्व ठीक होते, कारण येथवर पुठ्ठा आणि खडू यांखेरीज काही खर्ची पडले नव्हते. पुढे त्याने दोन धाडसे केली. शाळेच्या गच्चीवरील पाण्याची टाकी रोज भरून वाहत असे. त्यावर उपाय म्हणून नववीच्या मुलामुलींकडून त्याने एक सूचक घंटा करविली. थर्मोकोलचा तरंगता तुकडा पाण्याबरोबर वर चढावा, वर चढताच पत्र्याच्या दोन पट्ट्या एकमेकींस चिकटाव्या आणि खाली शिपायाच्या खोलीत घंटा वाजावी, अशी ही योजना. पहिली घंटा चार दिवस वाजली व बंद पडली, कारण पट्ट्या गंजल्या. दुसरी वाऱ्याने वाजू लागली. तिसऱ्या खेपेस एका मुलीने तरंगता तुकडा नळीत बसविण्याची युक्ती काढली, आणि पट्ट्यांच्या जागी तांब्याची तार आली. ही मुलगी वर्गात शेवटच्या बाकावर बसणारी. तिचे वडील मोटारी दुरुस्त करितात. "या मुलीला वर्षभर मी 'ढ' समजत होतो," असे तो म्हणाला, तेव्हा त्याचा स्वर आम्हांस विशेष लक्षात घेण्याजोगा वाटला.

दुसरे धाडस असे की, बंद पडलेल्या नऊ संगणकांपैकी एक त्याने मुलांस उघडू दिला. मुलांनी त्याचा पंखा काढला, चकती काढली, पुन्हा बसविली. पुस्तकात ज्यांची चित्रे काढली होती ते भाग हातात घेऊन पाहिले. पुढच्या महिन्यात तपासणी आली. नोंदवहीप्रमाणे वीस यंत्रे असावयास हवी होती; प्रत्यक्षात एकोणीस यंत्रे आणि एका टेबलावर मांडलेले विसाव्याचे अवयव, असा हिशेब निघाला. मेलेल्या यंत्राचे निर्लेखन झालेले नसताना ते उघडले कोणाच्या परवानगीने, असा प्रश्न उपस्थित झाला, आणि शिक्षकाकडून लेखी खुलासा मागविण्यात आला. त्याच्या हातातील कागदाची घडी ती हीच. "सर, आपले मराठी चांगले आहे, एवढा खुलासा लिहून द्या," असे तो म्हणाला. आणि खाली पाहून पुढे म्हणाला, "पुण्यातल्या एका कंपनीत जागा आहे. जूनपासून जावे म्हणतो."

येथे वाचकांनी मुख्याध्यापकांस खलपुरुष ठरवू नये. वस्तू हरवली तर वसुली आपल्याकडून होईल हे भय त्यांच्या मानगुटीवर बसलेले असते, आणि निर्लेखनाचे कागद वर्षानुवर्षे हलत नाहीत हेही खरे. दोष एका माणसाचा नाही. यंत्र हरविल्यास जाब विचारणारे दहा आहेत आणि मुलांचे वर्ष हरविल्यास जाब विचारणारा एकही नाही, अशी जी व्यवस्था आम्ही सर्वांनी मिळून उभी केली आहे, दोष तिचा आहे.

ही व्यवस्था आजकालची नव्हे. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्यास जी शिक्षणपरिषद भरली, तीत गांधीजींनी हस्तोद्योग हा शिक्षणाचा केवळ एक विषय न राहता शिक्षणाचे माध्यम व्हावा, असा विचार मांडला, आणि डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने त्याचा पाठ्यक्रम आखला. त्या योजनेतील सर्व तपशील आम्हांस मान्य आहेत असे नाही. परंतु हात शिकला तर डोके शिकते, हे तिच्यातील मर्म खोटे नव्हते. आम्ही सुशिक्षितांनी तिला नमस्कार केला आणि आपली मुले इंग्रजी शाळेत घातली. पुढे १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने कार्यानुभवाचा पुरस्कार केला. आमच्या कित्येक शाळांत त्या कार्यानुभवाची कागदी फुले झाली आणि गुण मात्र भरपूर पडले. १९८४–८५ साली केंद्र सरकारने सुमारे २५० शाळांत ब्रिटिश बनावटीचे लहान संगणक पाठवून संगणकसाक्षरतेचा प्रकल्प सुरू केला. २००४ साली शाळांतील माहिती-तंत्रज्ञानाची स्वतंत्र योजना आली. २०१६ पासून अटल टिंकरिंग प्रयोगशाळा निघू लागल्या, आणि एकेका शाळेस वीस लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळू लागले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावीपासून व्यवसायाची ओळख आणि दप्तराविना दहा दिवस यांची तरतूद झाली. कागदावर पाहता यांतील एकही गोष्ट वाईट नाही. परंतु प्रत्येक वेळी यंत्र आधी आले, शिक्षकाचा विचार मागाहून झाला. आणि पुष्कळदा विज्ञानाच्या किंवा गणिताच्या शिक्षकाच्याच गळ्यात आणखी एक किल्ली अडकविण्यात आली.

यंत्र आधी आणि शिक्षक मागाहून, या क्रमाचे फळ काय हे पाहावयाचे असेल तर दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाकडे पाहावे. 'प्रत्येक मुलास एक संगणक' या घोषणेखाली त्या सरकारने लाखो लहान संगणक मुलांत वाटले. २०१२ साली आंतर-अमेरिकी विकास बँकेच्या अभ्यासकांनी ३१९ ग्रामीण प्राथमिक शाळा तपासल्या. गणित व भाषा या विषयांतील प्रगतीवर त्या संगणकांचा काही परिणाम झाल्याचा पुरावा त्यांस मिळाला नाही. ज्या देशाचे अनुकरण करण्यात आमच्या वर्गाची हयात गेली, त्या इंग्लंडचीही गोष्ट निराळी नाही. तेथील रॉयल सोसायटीने २०१२ सालीच सांगितले की, शाळांतून माहिती-तंत्रज्ञानाच्या नावाखाली बहुतांशी तयार साधने वापरण्याची कवायत चालते, आणि त्यामुळे मुलांस विषयाचा कंटाळा येतो. २०१४ साली तेथे जुना विषय काढून नवा पाठ्यक्रम लावला. परंतु २०१७ साली त्याच संस्थेने पुन्हा पाहणी केली तेव्हा, नवा विषय शिकविण्यास पुरेसे शिक्षक नाहीत आणि आहेत त्यांस पुरेसे प्रशिक्षण नाही, असेच तिला सांगावे लागले. पाठ्यक्रम एका आज्ञेने बदलतो. शिक्षक एका आज्ञेने निर्माण होत नाही.

आता आमच्या वाचकांपैकी पालकांचे जे आक्षेप आहेत त्यांकडे वळू. पहिला आक्षेप हा की, "या विषयाला गुण किती? दहावीच्या वर्षी असले खेळ कशाला?" आमच्या विद्यार्थ्याच्या शाळेतील पालकसभेत हाच प्रश्न निघाला होता. पण हेच पालक खाजगी वर्गांत हजारो रुपये भरून मुलांस 'कोडिंग' शिकविण्यास पाठवितात, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. २०२० च्या टाळेबंदीत तर सहा-सात वर्षांच्या मुलांच्या आईबापांस जाहिरातींनी भंडावून सोडले होते. याचा अर्थ असा की, विषय त्यांस नको आहे असे नाही; तो शाळेत, सर्वांच्या मुलांबरोबर, विनामूल्य शिकविला जावा एवढी त्याची योग्यता मात्र त्यांस वाटत नाही. विकत घेतली ती विद्या आणि शाळेत मिळाली ती करमणूक, हे समीकरण आमच्या वर्गास शोभत नाही. शिवाय त्याचा दंड भोगावा लागतो तो त्या मोटार-दुरुस्ती करणाऱ्याच्या मुलीस, जिला खाजगी वर्ग परवडत नाही.

दुसरा आक्षेप असा की, "आजची मुले मोबाइलमध्ये शिक्षकांच्याही पुढे आहेत; त्यांस आणखी काय शिकवावयाचे?" विहिरीचे पाणी पिणारा प्रत्येक जण विहीर खोदणारा नसतो. पडद्यावर बोट फिरविता येणे म्हणजे तंत्रज्ञान येणे नव्हे. उलट, वस्तू जितकी गुळगुळीत तितकी तिच्या आत काय चालते हे विचारण्याची इच्छा कमी. ज्या पिढीने सायकलची साखळी स्वतः बसविली तिला यंत्राचे भय कमी होते. जिच्या हाती न उघडणारी यंत्रेच आली, तिने एक तर त्यांची भक्ती करावी किंवा ती बिघडताच टाकून द्यावी. या दोहोंच्या मधला मार्ग, म्हणजे उघडून पाहण्याचा, शाळेखेरीज तिला कोण दाखविणार?

तिसरा आक्षेप सर्वांत नवा, आणि म्हणून सर्वांत आत्मविश्वासाने केला जाणारा. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी लोकांपुढे आले, तेव्हापासून आम्ही तो शेकडो वेळा ऐकला: "आता आज्ञावलीही यंत्रच लिहिते, मग मुलांनी हे शिकावेच कशाला?" ज्यास अर्ज लिहून देणारा कारकून मिळाला त्याने वाचावयास शिकू नये, असे म्हणण्यापैकीच हे आहे. यंत्र उत्तर देऊ लागले की उत्तर तपासणाऱ्याची गरज वाढते, कमी होत नाही. आणि तपासावे कसे हे कोणास कळते? ज्याची पहिली घंटा गंजून बंद पडली, दुसरी वाऱ्याने वाजली आणि तिसरी नीट वाजली, त्यास. स्वतः केलेली वस्तू चुकते, चूक शोधावी लागते आणि ती सापडते, हा अनुभव ज्याने एकदा घेतला, तो यंत्राच्या गोड बोलण्यावर डोळे मिटून विश्वास ठेवणार नाही. या युगात मुलांस देण्यासारखी याहून मोलाची शिदोरी आम्हांस दिसत नाही.

हे सर्व स्वप्नरंजन आहे असे ज्यांस वाटेल त्यांनी पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे जाऊन यावे. मोठ्या कंपनीच्या संशोधन विभागातील जागा सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली तेथे विज्ञान आश्रमाची स्थापना केली. माध्यमिक शाळेतील मुलांनी आठवड्यातून एक दिवस खरोखरीचे काम करावे, लोखंड जोडावे, वीज बसवावी, माती तपासावी, आहार मोजावा, आणि ते काम गावाच्या उपयोगी पडावे, ही त्यांची कल्पना. शिकविणारे पुष्कळदा स्थानिक कारागीर. चूक झाल्यास ती गिऱ्हाइकाच्या दारात उघडी पडणारी, म्हणून शिक्षणही खरे. हा मूलभूत तंत्रज्ञानाचा पाठ्यक्रम महाराष्ट्रातील इतर शाळांतही गेला. आणि अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने जगभर ज्या 'फॅब लॅब' काढल्या, त्यांपैकी अगदी आरंभीची एक २००२ साली पाबळसारख्या खेड्यात निघाली. कलबाग २००३ साली वारले. एवढे मोठे काम आपल्या दाराशी झाले असता आमच्यापैकी किती घरांत त्यांचे नाव माहीत आहे? हाच प्रयोग परदेशात झाला असता तर आम्ही त्यावर व्याख्यानमाला भरविली असती.

आणि येथेच आमचा मूळ मुद्दा येतो. लेखणी धरणारा श्रेष्ठ आणि हत्यार धरणारा कनिष्ठ, हे आमच्या समाजाचे जुने गणित आहे. सुतार, लोहार, कुंभार यांस आम्ही बलुते दिले, विद्या दिली नाही. आणि त्यांच्याजवळ जी विद्या होती तिला विद्या म्हटले नाही. आज संगणक ही वस्तू महाग आणि पाश्चात्त्य असल्यामुळे तिची पूजा होते. परंतु तिला हात लावावयाची वेळ आली की तेच जुने गणित डोके वर काढते. म्हणून आम्हांस संगणकाच्या व्याख्या चालतात, पंखा काढणारी मुले चालत नाहीत. तंत्रज्ञानाचा शिक्षक हा आमच्या शाळांत ती जुनी भिंत फोडण्यासाठी आलेला माणूस आहे. आणि आम्ही त्यास त्याच भिंतीचा पहारेकरी केले आहे.

मागावयाचे ते स्पष्ट मागावे. नव्या शिक्षकाची पहिली दोन वर्षे तरी त्याच्याकडून कारकुनी करवून घेऊ नये, आणि त्याच विषयाच्या एखाद्या अनुभवी शिक्षकाकडे महिन्यातून एक दिवस जाऊन बसण्याची त्यास मोकळीक असावी. एक-एक तास तोडून देण्याऐवजी आठवड्यातून सलग दोन तास द्यावे, कारण पस्तीस मिनिटांत तार सोलून होते, घंटा होत नाही. तार, पट्ट्या, पुठ्ठा, घटमाळा यांसाठी लहानशी का होईना, त्याच्या सहीने खर्च होणारी रक्कम असावी. बंद पडलेले यंत्र मुलांनी शिकण्यासाठी उघडणे हा त्या यंत्राचा योग्य उपयोग समजून, निर्लेखनाचा अधिकार शाळेच्याच समितीस द्यावा. आणि गुण द्यावयाचे ते पाठांतरास न देता मुलाने काय केले, ते कोठे चुकले आणि त्याने ते कसे सुधारले, यास द्यावे. यांपैकी एकाही गोष्टीस वीस लाख रुपये लागत नाहीत.

आमच्या विद्यार्थ्याचा खुलासा आम्ही लिहून दिला. त्याने आणलेल्या मसुद्यात 'झालेल्या चुकीबद्दल दिलगीर आहे' असे एक वाक्य होते. ते आम्ही खोडले. त्याऐवजी लिहिले की, सदर यंत्र बंद होते, मुलांनी उघडल्याने ते अधिक बंद झाले नाही. त्याचे सर्व भाग शाळेतच असून सोबत त्यांची यादी जोडली आहे, आणि प्रत्येक भागाचे कार्य काय हे वर्गातील कोणत्याही मुलास विचारून तपासून पाहावे. तो हसला, पण लवकरच गंभीर झाला. "हे वाचून वरचे रागावतील," तो म्हणाला. "रागावतील खरे," आम्ही म्हणालो, "पण तपासणीस एकदा तरी मुलांस प्रश्न विचारील." पुण्याच्या जागेविषयी आम्ही त्यास काहीच उपदेश केला नाही. तीन पट पगार सोडून तू खेड्यात राहा, असे सांगण्याचा अधिकार ज्यांनी स्वतः कधी तसा त्याग केला नाही त्यांस नसतो. जूनमध्ये तो राहील की जाईल, हे आम्हांस आज सांगता येत नाही.

परंतु तो गेला तर त्याच्यामागे ती किल्ली पुन्हा खिळ्यावर लटकेल, आणि टाकीवरील घंटा पुढच्या वेळी गंजली म्हणजे ती कशी दुरुस्त करावी हे विचारावयास त्या मुलीस कोणी उरणार नाही. म्हणून वाचकांपाशी आमचे मागणे लहानसे आहे. पुढच्या पालकसभेस आपण जाल तेव्हा टक्केवारी विचारण्याआधी संगणकाची खोली दाखवा म्हणून सांगावे. किल्ली कोणाकडे आहे, खोली शेवटी केव्हा उघडली होती, आणि मुलांच्या हातून मोडलेली व मुलांनीच पुन्हा जोडलेली एखादी वस्तू तेथे आहे काय, एवढे तीन प्रश्न विचारावे. तिसऱ्याचे उत्तर 'नाही' असे आले, तर ती शाळा आपल्या मुलास तंत्रज्ञान शिकवीत नाही, हे निश्चित समजावे; मग भिंतीवर फीत कापल्याची छायाचित्रे कितीही असोत.